बारा व्होल्टची ऊब

आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. गाडीमागे जोडायचा आणि रात्री आत दोन माणसांनी आडवं व्हायचं, एवढाच तो ट्रेलर. डिसेंबरात असा ट्रेलर घेऊन भंडारदऱ्याकडे किंवा निफाडकडे निघायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो उबेचा. आत गॅस पेटवायचा नाही, हे बहुतेकांना पटलेलं असतं. मग उरते बॅटरी. बारा व्होल्टवर चालणारे छोटे हीटर बाजारात मिळतात. लायटरच्या सॉकेटात पिन खोचली की पंखा फिरतो, तोंडावर गरम वारा येतो, बरं वाटतं. मध्यरात्री कधीतरी पंखा मंदावतो आणि पहाटे, थंडी सगळ्यात जास्त असताना, बॅटरी बसलेली असते.

ती का बसते, हे सावकाश समजून घेतलं तर ट्रेलर उबदार ठेवण्याची जवळजवळ सगळी विद्या त्यातून हाती येते. म्हणून तेवढ्या एकाच प्रश्नापाशी थांबू.

आमच्या डोंगरीला थंडीची फारशी ओळख नाही. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. समुद्र इतका जवळ की जानेवारीतही पहाटेला एक चादर पुरते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर आला होता, तो आजही मुंबईचा नीचांक म्हणून सांगतात, यावरूनच इथल्या थंडीची कल्पना यावी. पण एक गोष्ट हा किनारा फार चांगली जाणतो. ती म्हणजे बर्फ राखणं. उत्तनच्या होड्या काही दिवसांसाठी बाहेर जातात तेव्हा पोटातल्या कप्प्यात फोडलेला बर्फ भरून नेतात. त्या कप्प्याला थंड करणारं कोणतंही यंत्र नसतं. निघताना जेवढा बर्फ घेतला तेवढ्यावरच पापलेट परत येईपर्यंत ताजं ठेवायचं. सगळी भिस्त कप्प्याच्या भिंतींवर, त्यांच्यात भरलेल्या फोमवर आणि झाकण किती घट्ट बसतं यावर. झाकण कमी वेळा उघडा, फट ठेवू नका, बर्फ मासळीला चिकटून राहू द्या: होडीवरचा पोरगासुद्धा हे जाणतो.

ट्रेलरचं गणित नेमकं हेच आहे, फक्त उष्णतेची दिशा उलटी. होडीत बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, ट्रेलरमध्ये आतली बाहेर जाऊ द्यायची नाही. भिंतीला दिशा कळत नाही. जो फोम बर्फ राखतो तोच ऊब राखतो. आणि होडीत जसा बर्फ आधीपासून असतो तशी ट्रेलरमध्ये उष्णताही आधीपासून असते, हे मात्र आपण विसरतो. झोपलेला माणूस साधारण सत्तर-पंचाहत्तर वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतो. दोघं झोपले की दीडशे वॅट. बाजारातला तो बारा व्होल्टचा हीटरही बहुधा दीडशे वॅटचाच असतो. म्हणजे हीटर लावण्याआधीच त्याच ताकदीचा एक हीटर आत शिरून पांघरूण ओढून झोपलेला आहे आणि त्याचं इंधन रात्रीच्या जेवणातून आलेलं आहे.

आता ही उष्णता जाते कुठे ते पाहू. आपल्या या ट्रेलरचा तळ, छप्पर, चारी बाजू मिळून क्षेत्रफळ भरतं सुमारे १५ चौरस मीटर. बाहेर ६ अंश, आत २१ हवेत असं धरू. फरक १५ अंशांचा. भिंत नुसत्या पत्र्याची असेल तर एवढ्या फरकाला सुमारे बाराशे वॅट उष्णता अखंड बाहेर जात राहते. तिथे दीडशे वॅटच्या हीटरनं काय होणार? त्याच भिंतीत एक इंच थर्माकोल घालून आतून प्लायवूड लावलं की बाराशेचे सव्वादोनशे होतात. दोन इंच घातला तर एकशेतीसच्या आसपास. थर्माकोलचा तक्ता काही शे रुपयांचा, एकदा घातला की त्याला चार्जिंग लागत नाही. त्यामुळे ट्रेलरच्या उबेवर जो काही खर्च करायचा त्यातला पहिला रुपया भिंतीत गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तो नंतर घालता येत नाही. सगळं आतलं काम उचकटावं लागतं. आणि थर्माकोल कधीही उघडा ठेवू नये. तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो.

भिंतींखेरीज हवा आहे. तिच्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा थांबतो. ट्रेलरमधली सगळी हवा भरते जेमतेम साडेतीन घनमीटर. ती १५ अंशांनी तापवायला लागतात फक्त १८ वॅट-तास, म्हणजे दीडशे वॅटच्या हीटरचं सात-आठ मिनिटांचं काम. म्हणून हीटर लावल्या लावल्या आत छान वाटतं आणि खरेदी सार्थकी लागली असं वाटतं. पण तापलेली हवा तापलेली राहत नाही. ती भिंतींना लागून निवते. शिवाय तिला बाहेर सोडावीच लागते, कारण एवढ्याशा जागेत दोन माणसांचा श्वास रात्रभर कोंडून ठेवणं बरं नव्हे. दोघांना पुरेल इतकी ताजी हवा, ताशी वीसेक घनमीटर, आत घ्यायची म्हटलं तर १५ अंशांच्या फरकाला त्यावरच शंभर वॅट जातात. तापवलेली हवा सतत बाहेर सोडून नवी गार हवा घ्यायची आणि तीही तापवायची, असा हा धंदा आहे.

एकत्र हिशोब मांडू. एक इंची थर्माकोल: भिंतींतून सव्वादोनशे, हवेतून शंभर, एकूण सव्वातीनशे वॅट. दोन माणसांचे दीडशे वजा. तूट राहिली पावणेदोनशे. आठ तासांच्या रात्रीला चौदाशे वॅट-तास. आता बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरला असते ती १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घेतली तर बारा गुणिले दीडशे, अठराशे वॅट-तास. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून हाताशी खरे नऊशेच. थंडीत त्यातलेही काही कमी होतात. चौदाशेची गरज आणि नऊशेची शिल्लक: बॅटरी पहाटे बसते ती इथे.

याच नऊशे वॅट-तासांकडे दुसऱ्या बाजूनं पाहिलं की बॅटरीवर रागावण्याचं कारण उरत नाही. पाच वॅटचा एलईडी दिवा त्यांवर १८० तास जळेल. मोबाईल साठ वेळा चार्ज होतील. आणि तेवढीच उष्णता स्वयंपाकाच्या गॅसमध्ये असते किती? सत्तर ग्रॅममध्ये. एक किलो एलपीजीत पावणेतेरा हजार वॅट-तासांच्या आसपास उष्णता असते. पन्नास किलोहून जड बॅटरी रात्रभर राबून जेवढी ऊब देईल तेवढी मूठभर गॅसमधून मिळते. बॅटरी प्रकाशासाठी, आवाजासाठी, पंख्यासाठी अतिशय उत्तम. तिच्याकडे मागू नये अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घाऊक उष्णता.

मग गॅसच का नको? कारण उघडी ज्योत आतली हवा खाते आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळहून फिरायला गेलेले आठ जण, त्यांत चार लहान मुलं, खोलीतल्या गॅस हीटरमुळे झोपेतच गेले. दार-खिडक्या थंडीसाठी घट्ट लावलेल्या होत्या. आपल्याकडेही दर हिवाळ्यात शेगडी आत घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या येतात. ट्रेलर तर खोलीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्यामुळे विजेच्या उबेचा आग्रह योग्यच आहे. चुकतं ते त्या विजेला दिलेलं काम.

हवा तापवण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं की चित्र पालटतं. माणसाला ऊब हवी असते ती त्वचेला; आतल्या साडेतीन घनमीटर हवेला नको असते. अंगाखाली बारा व्होल्टची तापणारी चादर अंथरली, ४५ वॅटची, तर तिची जवळजवळ सगळी उष्णता आधी शरीराला मिळते, मग पांघरुणात अडकते आणि शेवटी हवेत जाते. अंगाखाली, अंगावर नव्हे. वरून पांघरलेली तापती चादर अर्धी उष्णता वरच्या वर हवेला देते. खालून झोपणाऱ्याच्या वजनानं गादी आणि स्लीपिंग बॅग दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि गारठा सगळ्यात जास्त तिथूनच येतो. म्हणून ऊबही तिथेच हवी. आठ तास अखंड चालली तरी ही चादर ३६० वॅट-तास घेते. प्रत्यक्षात झोपण्याआधी अर्धा तास आणि पहाटे चार ते सहा एवढंच पुरतं, आणि मग आकडा सव्वाशेच्याही खाली येतो. शंभर वॅटचं सौर पॅनेल डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात बॅटरीला दिवसाला साडेतीनशे-चारशे वॅट-तास देतं. म्हणजे दिवसाच्या उन्हात रात्रीची अख्खी चादर बसते.

यात हवा किती तापली पाहिजे ही अपेक्षाही उतरते, आणि तिथे मला या सगळ्या हिशोबातला सगळ्यात सुंदर आकडा सापडतो. भिंतीत दोन इंच थर्माकोल आहे आणि आत-बाहेरचा फरक १५ ऐवजी १० अंशांचा चालेल असं म्हटलं, तर भिंतींतून जातात सुमारे ८८ वॅट आणि हवेतून ६६. बेरीज १५४. दोन झोपलेल्या माणसांचे १५०. जमाखर्च जवळजवळ मिळाला! शरीराची काही उष्णता श्वासाच्या नि घामाच्या वाफेत जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडी तूट येईल. पण बाहेर ६ अंश असताना आत पंधराच्या आसपास राहतं, तेही वीज न वापरता. पंधरा अंशांत गोधडी घेऊन झोपलेल्या, खालून चादरीनं गरम असलेल्या माणसाला काही कमी पडत नाही.

हे नवं नाही. काश्मीरमध्ये फेरन या सैल झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, धरतात ती खोली तापवण्यासाठी नसते. जपानमध्ये बुटक्या टेबलाखाली शेगडी, आता विजेची, आणि टेबलावरून खाली सोडलेली दुलई, असं कोतात्सू असतं. सगळं कुटुंब त्यात पाय घालून बसतं आणि बाकीची खोली गारच राहते. कमी व्होल्टेजचंच उदाहरण हवं असेल तर ते दुसऱ्या महायुद्धातलं आहे. वीस-पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस अंशांत उघड्या खिडकीशी मशीनगन धरून बसणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतल्या माणसांसाठी विमान तापवणं अशक्य होतं. त्यांना २४ व्होल्टचे तापणारे सूट दिले. सुरुवातीचे सूट एकाच माळेत जोडलेले होते. हातमोज्यातली एक तार तुटली की पायापर्यंत सगळंच गार पडायचं, आणि त्या काळात हिमदंशानं झालेल्या जखमा ही मोठी डोकेदुखी होती. नंतरच्या सुटांत प्रत्येक भागाला स्वतंत्र वाट दिली. आज विजेवरच्या मोटारींत सीट आणि स्टिअरिंग तापवण्याची सोय आवर्जून देतात त्यामागेही हाच विचार आहे. हवा तापवली की पल्ला घटतो, पाठ तापवली तर फारसा घटत नाही.

आता त्या तारांबद्दल, कारण आगी इथेच लागतात. व्होल्टेज कमी म्हणजे धोका कमी, हे शॉक बसण्यापुरतं खरं आहे. उष्णतेबाबत उलट. दीडशे वॅट घरच्या २३० व्होल्टवर न्यायला पाऊण अँपिअरही लागत नाही. बारा व्होल्टवर साडेबारा लागतात. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच तारेत तेच काम साडेतीनशे पटीहून जास्त तापवतं. एक चौरस मिलिमीटरची बारीक वायर पाच मीटर नेऊन हा हीटर जोडला तर जाता-येता दोन व्होल्टहून जास्त वाटेतच खर्च होतात आणि सत्तावीस वॅट वायरमध्ये जळतात. ढिला जोड त्याहून वाईट. सगळी उष्णता एका बिंदूवर येते. म्हणून वायर जाड, वाट आखूड, जोड घट्ट, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी टोकाशी. होडीवर बॅटरीच्या टर्मिनलला ग्रीस फासतात तो शहाणपणा ट्रेलरलाही लागू. चादरीला चार अँपिअर पुरतात, त्यामुळे तिची वायर गार राहते. कमी मागण्याचा हाही फायदा.

माझ्या ट्रेलरनं मला शिकवलेली एक गोष्ट जवळून दाखवतो. भंडारदऱ्याला पहाटे टॉर्च लावून छपराकडे पाहिलं तर प्लायवूड कोरडं होतं, पण त्यावरच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पाण्याचा एकेक टपोरा थेंब होता. ओळीनं, मोजून घ्यावेत असे. स्क्रू बाहेरच्या पत्र्यापर्यंत गेलेले. लोखंडातून बाहेरचा गारठा थेट आत आलेला आणि आमच्याच श्वासातली वाफ तिथे जमलेली. दोन माणसं रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी श्वासातून नि त्वचेतून सोडतात. ते कुठेतरी जाणारच. जिथे भिंत गार तिथे ते जमतं. उष्णता नेमकी कुठून पळते याचा इतका अचूक नकाशा कोणत्याही यंत्राशिवाय मिळाला. त्या डोक्यांवर मी आतून फोमच्या टिकल्या चिकटवल्या आणि गादीखाली लाकडी पट्ट्या टाकून हवेला वाट करून दिली, कारण गादीची खालची बाजूही ओली निघत होती. गॅस आत जाळला असता तर हे पाणी आणखी वाढलं असतं. एक किलो एलपीजी जळून दीड किलोहून जास्त पाणी होतं. विजेची ऊब कोरडी असते. तरीही छपराजवळची झडप बोटभर उघडी ठेवावीच लागते.

आणि गॅस बाहेर वापरायला कुणी मना केलंय? ट्रेलरच्या मागे शेगडीवर दोन लिटर पाणी तापवून रबरी पिशवीत भरलं, पायाशी ठेवलं. वीसेक ग्रॅम गॅस जातो. ते पाणी निवेपर्यंत अंथरुणात शंभर वॅट-तासांहून जास्त ऊब सोडतं, म्हणजे बॅटरीचे आठ-नऊ अँपिअर-तास वाचले. आजीच्या कपाटातली ती पिशवी बाजारातल्या पंख्याच्या हीटरपेक्षा कितीतरी समजूतदार आहे.

महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. पण आपल्याकडे फिरत्या घरात थंडी काढणारी माणसं त्याआधीपासून आहेत आणि ती हौसेनं बाहेर पडलेली नाहीत. मेंढरांमागे वाडा घेऊन फिरणारा धनगर उघड्यावर घोंगडीत झोपतो. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून दवातही ती चालते. बीडकडून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून पश्चिम महाराष्ट्रात येतात आणि हंगामभर कोपीत राहतात. बांबू, ताडपत्री, उसाचं पाचट. पहाटे अंधारात उठून फडात जायचं, तीच थंडीची वेळ. कोपीच्या दाराशी चूल पेटते तोवर ऊब असते, मग नाही.

वर मांडलेला सगळा हिशोब मला ट्रेलरपेक्षा या कोपीसाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. पाचट हा काही वाईट फोम नाही. कोरडं, जाड आणि न दबलेलं असेल तर त्यात हवा अडकून राहते. कमी असते ती तळाशी, ओल्या जमिनीवर. बांबूच्या तट्ट्यानं जमिनीपासून चार बोटं उचललेलं अंथरूण, त्याखाली पाचटाचा वीतभर थर, गोधडी, आणि त्यात एक शंभर वॅटचं पॅनेल व एक बॅटरी: दिवा, मोबाईल, आणि उठण्याआधीचे दोन तास पाठीखाली ४५ वॅट. साखर कारखान्यांनी हंगामाला टोळ्या बोलावतानाच एवढं दिलं पाहिजे. गळीत हंगामाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि पॅनेल पुढची कित्येक वर्षं त्याच कामाला येतं. चूल तिथून दूर हवी, वायर पाचटाला लागू न देता बांबूवरून न्यायला हवी आणि फ्यूज बॅटरीपाशीच हवा. तान्ह्या मुलाला मात्र त्या चादरीवर निजवायचं नाही. जास्त तापलं तर त्याला सरकता येत नाही, सांगता येत नाही. त्याला आईच्या अंगाशीच घ्यायचं आणि आईच्या बाजूची चादर तेवढी बंद ठेवायची.